व्यंकटरावांची भिजलेली पोथी

व्यंकटराव मद्दीवार डोक्याला तेल लावत नसत. तेलाचं बोट पोथीच्या पानाला लागलं की तो डाग आपण मेल्यावरही राहतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांचे राखाडी केस कायम कोरडे आणि उभे, आत्ताच कुणी दचकवून उठवल्यासारखे दिसत. भाजीवर तवंग दिसला तर ते भाजी बाजूला सारत आणि नुसता वरण-भात खात, तोही चमच्यानं. चांद्याला आम्ही ज्या बाईंच्या खानावळीत जेवायचो त्या एकदा वैतागून म्हणाल्या, "तुमचे केस पाह्यले का लोकं मलेच इचारतेत, बाई, मास्तरले उपाशी ठेवता काय म्हणून."

"मास्तर नोका म्हणू जी," व्यंकटराव म्हणाले, "मास्तरजवळ पोरं असतेत. माह्याजवळ नुसती पानं हायेत."

आम्ही दोघं विद्यापीठाच्या ग्रंथालयात, हस्तलिखित विभागात कामाला होतो. हुद्दा एकच, पण ते माझ्याहून बरेच मोठे. विभाग तात्पुरता होता, सरकारी अनुदानावर चालणारा. गावोगाव फिरून जुन्या पोथ्या आणि बाडं गोळा करायची, ग्रंथालयात आणायची, झटकून-पुसून त्यांची सूची करायची, हे काम. त्यासाठी वर्षातले काही महिने आमचा मुक्काम चांद्याला एका भाड्याच्या खोलीत असे. जी पोथी अर्धवट असते, जिचं तोंड नाही किंवा शेपूट नाही, तिला सूचीत 'त्रुटित' म्हणतात. बाकीचे लोक अख्ख्या पोथ्यांच्या मागे असायचे. व्यंकटराव त्रुटितांच्या मागे. सुटी पानं, अर्धी पानं, वाळवीनं जाळी केलेली पानं ते असे उचलत, की जणू घराला आग लागली आहे आणि आत कुणी राहिलं आहे.

"पान एकटं नसते जी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "कुठी तरी याच्या मागचं पान हाय. ते सापडत नाई तोवर यानं काय करावं?"

एका पोथीत शेजारी राहिलेली पानं ओळखण्याची त्यांची रीत होती. कसर कागद खाते तेव्हा आरपार खाते. म्हणून दोन सुट्या पानांची भोकं एकावर एक जुळली, की ती पानं कधीतरी शेजारी होती. ते खिडकीशी उभे राहत, दोन पानं उजेडात एकावर एक धरत आणि श्वास रोखत. भोकं जुळली तर "आऽऽ" असा बारीक आवाज यायचा. नाही जुळली तर ती दोन्ही पानं वेगवेगळी ठेवताना त्यांचा हात रेंगाळायचा.

त्या सवयीमुळे हातात येईल तो कागद ते उलटून पाहत. मोटारीचं तिकीट, लग्नाची पत्रिका, चिवड्याचा पुडा. एकदा मूलच्या बाजारात त्यांनी असाच हळदीचा पुडा उलटला आणि त्यावर मोडी अक्षरं निघाली. दुकानदारानं कुणाच्या घरची रद्दी घेतली होती आणि सकाळपासून तिच्या पुड्या बांधत होता. उरलेली पानं व्यंकटरावांनी घेतलीच, पण तेवढ्यावर भागलं नाही. सकाळपासून कोण कोण हळद-जिरं घेऊन गेलं ते दुकानदाराला विचारून हा माणूस वर्तमानपत्रांचा गठ्ठा बगलेत मारून दारोदार निघाला. "बाई, हळद या कागदात घ्या, तो कागद मले द्या." बायका हसत, पण देत. एका घरी मात्र त्या बाईनं पुड्याचा कागद चुलीत सारला होता. व्यंकटराव तिच्या चुलीसमोर उकिडवे बसले. राखेत कागदाची काळी पापडी अजून अख्खी होती, तिच्यावर अक्षरं चकाकत होती. ती ते वाचू लागले. अर्धी ओळ वाचून होते न होते तोच बाईनं फुंकणी फुंकली आणि पापडी उडाली. परतताना मी म्हटलं, "अहो, हिशेबाचा कागद असेल." ते म्हणाले, "असंल ना. पन आता आपल्याले 'असंल' म्हणूनच बसा लागंल."

त्यांचं घर सिरोंच्याला, प्राणहितेच्या काठी. घरात बायको नरसम्मा आणि एकुलती एक मुलगी सुशीला. घरात तेलुगू चाले. सुशीला त्यांना 'नान्ना' म्हणायची, म्हणजे बाबा. तिचा विषय निघाला की व्यंकटरावांच्या चेहऱ्यावरची घाई थोडी कमी व्हायची. लहानपणी ती त्यांच्या मांडीवर बसून मोडी शिकली होती. तिचं लग्न नदीपलीकडच्या गावात झालं होतं. त्या वर्षी ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. श्रावण लागला की कामातून सुटी काढून घरी जायचं, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

पण त्याच सुमारास वैनगंगेकाठचं ते प्रकरण निघालं.

आरमोरीच्या खाली, चांद्याहून सिरोंच्याच्या उलट दिशेला, नदीकाठी एक खेडं आहे. तिथले एक वृद्ध शेतकरी दर चातुर्मासात गावाला पोथी वाचून दाखवत. आदल्या वर्षी आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. पोथीला ते नुसती 'घरची पोथी' म्हणत आणि ती घराबाहेर द्यायला तयार नव्हते. फार विनवण्या केल्यावर त्यांनी लाल फडकं सोडलं आणि मधलं एकच पान व्यंकटरावांच्या डोळ्यांपुढे धरलं. त्यावरची ओवी व्यंकटरावांना ओळखू आली नाही. ज्यांना हजारो ओव्या तोंडपाठ, त्यांना ती ठाऊक नव्हती! त्या दिवसापासून त्यांनी एकच धरलं, ही कुणा अज्ञात कवीची रचना आहे, इथल्याच, झाडीपट्टीतल्याच. वर्षभर ते ती ओवी पुटपुटत. मोटारीत, अंघोळीला, झोपेतसुद्धा.

श्रावणात निरोप आला की ते म्हातारे वारले. आणि मुलगा तुळशीराम त्यांची पोथी त्यांच्या अस्थींबरोबरच नदीत सोडणार आहे, दहाव्याच्या दिवशी. घरात वाचणारं कुणी उरलं नव्हतं. सोवळं-ओवळं सांभाळायचं कुणी, म्हणून. यात वाईट काही नव्हतं. जीर्ण पोथी नदीला देणं हा तिचा मानच. पण दहावा परवावर आला होता.

मी त्या आठवड्यात हिवतापानं अंथरुणाला खिळलो होतो. नाहीतर मी गेलो असतो.

निरोप आला त्याच संध्याकाळी आलापल्लीचे एक रेंजर आमच्या खोलीवर आले. व्यंकटरावांच्या ओळखीचे, स्वभावानं सरळ गृहस्थ. त्यांनी दारातूनच सांगितलं, "घरून निरोप हाय. पोरीचे दिवस भरले. तिचे पाय सुजून राह्यले, डोकं दुखते म्हणते. बाई म्हणाल्या, यांले घेऊनच या. मी उद्या सकाळी जीपनं सिरोंच्याले चाललो. तुम्ही चला."

व्यंकटराव उभेच होते. म्हणाले, "परवा आरमोरीकडं जायचं हाय. तिकडून आलो का तेरवा निघतो."

"तेरवा?" रेंजर म्हणाले. "पाऊस पाहून राह्यले ना तुम्ही? आलापल्लीच्या पुढचे नाले तुमच्यासाठी थांबतील काय?"

"दोन दिवसांचा तर प्रश्न हाय जी."

मीही पांघरुणातून म्हटलं, "व्यंकटराव, तुम्ही सिरोंच्याला जा. पोथी गेली तर जाऊ द्या."

ते माझ्याकडे वळले. "सुशीलाजवळ तिची माय हाय, सुईण हाय, शेजारपाजार हाय. त्या पोथीजवळ कोन हाय?"

रेंजर सकाळी एकटेच गेले.

पुढचं मला तुळशीरामनं सांगितलं, मी नंतर त्याला मुद्दाम जाऊन भेटलो तेव्हा. व्यंकटरावांची मोटार वाटेत चिखलात रुतली. ते उरलेली वाट पायी, धोतर खोचून आले. घाटावर पोहोचले तेव्हा विधी आटोपले होते आणि तुळशीराम कमरेइतक्या पाण्यात लाल फडक्यातली पोथी घेऊन उभा होता. काठावरून कुणीतरी अनोळखी, केस पिंजारलेला माणूस ओरडत धावत येतो आहे हे पाहून तो गोंधळला आणि त्याच्या हातून पोथी सुटली. व्यंकटराव कपड्यांनिशी, चष्म्यानिशी पाण्यात पडले. नदीकाठी जन्मलेला माणूस, पण पोहता येत नव्हतं. ढिवरांनी, म्हणजे तिथल्या कोळ्यांनी, डोंगा घालून त्यांना बाहेर काढलं. फडक्याची गाठ त्यांनी मुठीत धरली होती, पण ती अर्धी सुटली होती आणि पुष्कळ पानं पाण्यावर पसरत खाली चालली होती. ते काठावर बसून ओकत होते आणि जाणाऱ्या पानांकडे बोट दाखवत होते.

तुळशीराम चिडला होता. "माह्या बापाची वस्तू होती ते. तुमी कोन वापस काहाडनारे?"

"कोनी नाई जी," व्यंकटराव म्हणाले. "मारा मले वाटलं तर. पन हे राहू द्या."

या माणसाचं काय करावं ते कुणाला कळेना. शेवटी तुळशीरामच म्हणाला, "न्या. नदीनं घेतलं नाई, आता मी तरी काय करू? पन एक करजा. बाप वाचत होता, तसं कोनी तरी वाचजा. बांधून ठेवू नोका."

"वाचीन," व्यंकटराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते चांद्याला आले ते ओल्या कपड्यांनीच. खोलीभर दोऱ्या बांधून त्यांनी ती पानं वाळत घातली, टिपकागद कुठं ठेवायचे, पानं कधी उलटायची ते मला तापात दोनदा समजावलं आणि मोटार धरायला पळाले. आलापल्लीपर्यंत पोहोचले. पुढे नाला दुथडी भरून वाहत होता. मोटारी तिथंच थांबलेल्या. पाणी उतरायची वाट बघत ते जंगल खात्याच्या एका पडवीत बसून राहिले. रोज सकाळी नाल्यावर जायचं, पाण्याकडे बघायचं, परत यायचं. एकदा ते पाण्यात शिरले, तर मोटारवाल्यांनी धरून मागे ओढलं. शेवटी पाणी थोडं उतरलं तसे पुढे कुठे चालत, कुठे बैलगाडीनं, कुठे डोंग्यानं घरी पोहोचले.

सुशीला गेली होती. झटके येऊन गेली. मूल वाचलं होतं, मुलगी.

मला हे रेंजरांकडून कळलं. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला आजही सांगवत नाही. रेंजर सिरोंच्याला पोहोचले त्या संध्याकाळी रस्ता मोकळा होता आणि जीप दाराशी होती. सुशीलाची अवस्था बघून ते नरसम्माबाईंना म्हणाले, "हिला आत्ता चांद्याच्या दवाखान्यात नेऊ." बाई म्हणाल्या, "एवढ्या दूर, अशा अवस्थेत... मी एकटी कशी ठरवू? हे येऊ द्या. आजउद्या येतीलच." त्या रात्रीच नाले चढले.

"ही गोष्ट त्यांना माहीत आहे?" मी विचारलं.

रेंजर म्हणाले, "बायकोनं पहिली हेच सांगितली असंल ना जी."

दिवाळीच्या आधी व्यंकटराव ग्रंथालयात रुजू झाले. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "पानं वाळली?"

"वाळली."

"दाखवा."

त्यांनी फडकं सोडलं आणि त्या दिवसापासून ते दुसरं काही करेनासे झाले. शाई फुटून पानांवर निळसर ढग झाले होते. काही पानं एकमेकांना चिकटलेली. ओळखू येणारं अक्षर एखाददुसरं. ते पान उजेडात धरत, तिरपं धरत, पाठीमागून वाचत, वाफ देऊन सोडवत. जेवणाची सुटी झाली तरी उठत नसत. मी डबा नेऊन ठेवला तर संध्याकाळी तसाच सापडायचा. सुशीलाचं नाव त्यांनी काढलं नाही. आम्हीही काढलं नाही. पण पान सोडवताना ते फाटलं, की ते ज्या नजरेनं त्याच्याकडे बघत, ती मला बघवत नसे.

त्यातच राज्यांची फेररचना झाली. आमचं अनुदान जुन्या राज्याचं. नवं कुठून येणार, येणार का, कुणाला ठाऊक नव्हतं. ग्रंथपालसाहेबांनी आम्हाला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "विभाग बंद करायचं घाटतंय. त्रुटित पानांवर खर्च कशाला, असा सवाल आहे. व्यंकटराव, तुमच्या त्या पोथीत नवीन कवी सापडतोय म्हणतात. तसं काही असेल तर लवकर लिहून द्या. एक मोठी गोष्ट हातात असली की मी वरती भांडू शकतो."

"हाय जी," व्यंकटराव म्हणाले. "नवीनच हाय. थोडा वेळ द्या."

त्यांच्या आवाजात मला प्रथमच विनवणी ऐकू आली. नंतरचे दिवस त्यांनी कसे काढले ते मी शेजारच्या टेबलावरून पाहिलं आहे. डोळ्यांतून पाणी येई, ते बाहीला पुसून लगेच पानावर वाकत. मध्येच माझ्याकडे वळून म्हणत, "हाय ना देशकरजी? नवीनच हाय ना?" मी "हो" म्हणत असे. मला मोडी येई, पण त्यांच्याइतकं पाठ नव्हतं. मी म्हणू तरी काय शकत होतो?

एका दुपारी त्यांनी चिकटलेली शेवटची दोन पानं सोडवली. आतली बाजू पाण्यापासून वाचली होती, अक्षर स्वच्छ होतं. ते मोठ्यानं वाचू लागले. पहिली ओवी, दुसरी ओवी. तिसरी ओवी अर्ध्यावर असताना त्यांनी पानावरून नजर काढली आणि उरलेली अर्धी ओवी न बघता म्हटली. मग चौथी. तीही न बघता.

त्यांनी पान खाली ठेवलं.

"हे आपल्याकडं हाय जी," ते म्हणाले. "पूर्ण हाय. चांगली स्वच्छ प्रत. एक नाई, चार-पाच असतील."

"मग ती अनोळखी ओवी?"

"नकलणाऱ्यानं आपल्या पदरची घातली. मध्ये दोन-चार अशाच घातल्या हायेत. हौस असते एखाद्याले."

मग मी उठून दार लोटलं आणि हळू आवाजात म्हटलं, "व्यंकटराव, हे पान कुणी बघितलेलं नाही. बाकीची तर वाचताच येत नाहीत. 'कर्ता अज्ञात' एवढं लिहा. निदान विभाग वाचेल. कुणाचं काय बिघडणार आहे?"

"अज्ञात कसं लिहू?" ते म्हणाले. "मले ज्ञात झालं ना."

त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ते नाव आलं.

"सुशीला मले रोज इचारते देशकरजी. नान्ना, कोन्त्या पोथीसाठी थांबला तू? मी सांगतो, थांब माय, वाचून राह्यलो, वाचलं का सांगतो. आता काय सांगू? जी आपल्या अलमारीत होती तिच्यासाठी? खोटं लिहिलं ना, तर सारे म्हणतील, पोरगी गेली पन केवढी मोठी गोष्ट हाती लागली. मलेबी हळूहळू तसंच वाटाले लागंल. तिचं मरनं मी तसं सस्तं करू काय?"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा दगडासारखा होता. थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले, बाहेर जाऊन नेहमीसारखे साबणानं हात धुतले, कोरडे केले आणि सूचीचा कागद पुढे ओढला. लिहिलं ते असं: त्रुटित. पाण्याने खराब झालेली. सामान्य प्रत. या ग्रंथाच्या पूर्ण प्रती संग्रही आहेत.

ग्रंथपालसाहेबांनी तो कागद वाचला, उलटून मागची कोरी बाजू पाहिली. "एवढंच?"

"एवढंच जी."

विभाग बंद झाला. सूचीत नोंद झालेलं कपाटात गेलं, बाकीची सुटी पानं गोण्यांत भरून माळ्यावर. मला देवघेव विभागात घेतलं. त्यांनाही घेत होते, पण त्यांनी राजीनामा दिला. जायच्या आदल्या दिवशी ते त्या भिजलेल्या पोथीशी बसले आणि जेवढं वाचता येत होतं तेवढं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मोठ्यानं वाचलं. अभ्यासिकेतले विद्यार्थी वळून बघत होते. त्यांना कुणी हटकलं नाही. वाचून झाल्यावर फडकं बांधलं आणि माझ्या हातात देऊन ते निघून गेले.

त्यानंतर त्यांची माझी भेट एकदाच झाली. तीनेक वर्षं गेली असतील. नवे ग्रंथपाल आले होते. माळ्यावरच्या गोण्या उघडायचं त्यांनी मनावर घेतलं आणि कुणीतरी त्यांना व्यंकटरावांबद्दल सांगितलं. मला सिरोंच्याला पाठवलं, त्यांना बोलावून आणायला.

ते जंगल खात्याच्या लाकूड डेपोत सापडले. सागवानाच्या ओंडक्यांवर नंबर घालायचं काम करत होते. वाकले होते. मला बघून उठले, हात पुसून माझा हात धरला, घरी नेलं. नरसम्माबाईंनी पाणी दिलं, पण बसल्या नाहीत; आत निघून गेल्या. त्या दोघांमध्ये एक शब्दही झालेला मी ऐकला नाही. चार वर्षांची नात मात्र दोघांमध्ये सारखी ये-जा करत होती. आत जाऊन काही सांगायची, बाहेर येऊन काही सांगायची. त्यांना ती 'तात' म्हणत होती, म्हणजे आजोबा.

मी आलो ते काम सांगितलं नाही, धीर होईना. संध्याकाळी ते मला मोटारीवर पोहोचवायला आले, नातीला कडेवर घेऊन. मोटार भरत होती. मग मात्र मी बोललो. "गोण्या उघडतायत व्यंकटराव. सगळी त्रुटित पानं. तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. या. बाईंना, पोरीला घेऊन या, क्वार्टर देतील."

मी पाहिलं, त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. पूर्वीची ती घाई अंगात परत शिरल्यासारखी वाटली. "कसरीनं खाल्ली असतील," ते म्हणाले. "गोणीत वारा लागत नाई. पहिले सारी काहाडून..."

बोलता बोलता त्यांनी नातीच्या मानेवर हात ठेवला. तिथंच थांबले. तिचा गाल आपल्या गालाला लावला, कपाळाला हात लावून पाहिला.

"अंग तातं लागून राह्यलं," ते म्हणाले.

मीही हात लावून पाहिला. थोडी कोमट होती. दिवसभर उन्हात खेळली होती. "काही नाही व्यंकटराव, उन्हाचं असेल."

त्यांना ते ऐकू गेलं नाही. "जातो जी," एवढंच म्हणाले आणि वळून पळत सुटले. तो वाकलेला म्हातारा पोरीला छातीशी घट्ट धरून धुळीच्या रस्त्यानं पळत होता. लोक बाजूला होत होते. पोरीला गंमत वाटत होती, ती त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून हसत होती. त्यांची एक चप्पल पायातून निसटली, ते थांबले नाहीत. वळणावर त्यांनी बायकोला हाक मारली, "नरसम्मा! नरसम्मा!" आणि घरातून बाई धावत बाहेर आलेल्या मला दिसल्या.

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मी मोटारीत चढलो.